कोरियन वैद्यकातलं भुकेचं निदान आणि आतड्यांची हार्मोन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियात शिकायला किंवा नोकरीला गेलेले आणि तिथल्या पारंपरिक दवाखान्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवलेले मराठी वाचक, घरी आयुर्वेदाचं वळण असलेली मंडळी आणि वजन घटवायच्या काढ्यांच्या जाहिराती पाहून गोंधळलेले लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोंधळ टाळण्यासाठी या पानावर ‘वैद्य’ म्हणजे कोरियन पारंपरिक वैद्यकाचा परवानाधारक चिकित्सक आणि ‘डॉक्टर’ म्हणजे आधुनिक वैद्यकाचा. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. त्यावरून औषध सुरू किंवा बंद करू नका.

१. कोरियन वैद्यक म्हणजे नेमकं काय? हा चिनी वैद्यकाचाच एक प्रकार आहे का?

मुळं एकाच परंपरेत आहेत, पण कोरियात त्याला स्वतंत्र वळण लागलं. राजवैद्य हॉ जुन यांनी १६१० मध्ये पूर्ण केलेला आणि १६१३ मध्ये छापला गेलेला ‘दोंगुई बोगाम’ हा २५ खंडांचा ग्रंथ त्याचा पाया मानतात. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृती-नोंदवहीत नोंद केली. पुढे ई जेमा (१८३७–१९००) यांनी चार प्रकृतींचं ‘सासांग’ वैद्यक मांडलं. ते खास कोरियन आहे (प्र. ७ पाहा).

आज दक्षिण कोरियात वैद्यांना, म्हणजे ‘हानुइसां’ना, डॉक्टरांपेक्षा वेगळा सरकारी परवाना मिळतो. शिक्षण बहुतेक ठिकाणी सहा वर्षांचं असतं. अकरा खासगी महाविद्यालयं आणि पुसान राष्ट्रीय विद्यापीठाची एक संस्था ते देतात.

२. मी मानदुखीसाठी गेले होते. वैद्यांनी अर्धा वेळ भूक, पचन आणि शौचाबद्दलच विचारलं. असं का?

त्यांच्या शास्त्रात प्लीहा आणि जठर ही जोडी अन्नापासून शरीराची शक्ती तयार करते असं मानतात. त्यामुळे तक्रार मानेची असो की झोपेची, शक्ती तयार होण्याचं काम कसं चाललंय हे आधी तपासलं जातं. इथली ‘प्लीहा’ म्हणजे शरीरशास्त्रातली पाणथरी नव्हे. पचन, पोषण आणि द्रव पदार्थांची ने-आण मिळून होणाऱ्या कामाचं ते नाव आहे. हे लक्षात न आल्यामुळे ‘प्लीहा दुबळी’ असं ऐकून कितीतरी जण सोनोग्राफी करायला धावतात. तशी गरज नसते.

सुईचा त्रास कितपत सोसेल आणि कोणतं औषध पचेल, याचा अंदाजही त्यांना या उत्तरांवरून घ्यायचा असतो.

३. भुकेबद्दल नेमकं काय विचारतात? तयारी करून गेलं तर बरं पडेल.

जरूर करा. निदानाच्या चार वाटा आहेत : पाहणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं आणि स्पर्श. भुकेचा बहुतेक तपशील ‘विचारण्या’तून येतो, आणि तो फार बारीक असतो. भूक लागते का, एवढ्यावर कुणी थांबत नाही. वेळ झाली म्हणून जेवता की पोटातून भूक लागते? जेवण टाळलं तर हात थरथरतात, चिडचिड होते, की काहीच वाटत नाही? पहिल्या चार घासांत पोट भरतं का? जेवल्यावर झोप येते की तरतरी? तहान किती, पाणी गार लागतं की कोमट? चव बेचव, कडवट की गोडसर? मन बिघडलं की जास्त खाता की अन्नावरची वासनाच उडते?

यानंतर जीभ पाहतात. जाड, चिकट थर असेल तर अन्न साचल्याचा संशय घेतात, कडांवर दातांचे ठसे असतील तर प्लीहेच्या दुबळेपणाचा. मग उताणं झोपवून पोट तपासतात. छातीच्या मधल्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मधोमध दाबून दुखतं का, पोटाचा वरचा भाग ताठ आहे का, हलवल्यावर पाण्यासारखा खळखळ आवाज येतो का, बेंबीखाली हात लावला तर गार लागतं का, हे पाहतात.

तयारी म्हणून आठवडाभराची साधी नोंद पुरते : कधी खाल्लं, खाण्याआधी भूक होती का, खाल्ल्यानंतर दोन तासांनी कसं वाटलं. सोबत चालू औषधांची पूर्ण यादी न्या. ती का महत्त्वाची, हे प्र. १४ मध्ये आहे. जीभ दाखवायची असते, म्हणून सकाळी हळदीचं दूध किंवा कॉफी घेऊन जाऊ नका. रंग बसतो.

४. भुकेची हार्मोन्स कोणती? थोडक्यात सांगा.

घ्रेलिन मुख्यतः जठरात तयार होतं. जेवणाच्या आधी वाढतं, जेवल्यावर उतरतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. भूक वाढवणारं आतड्यांकडचं ठळक हार्मोन हे एवढंच. बाकीची बहुतेक थांबवणारी आहेत. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातलं कोलेसिस्टोकायनिन स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं आली की ‘पुरे’चा निरोप देतं. आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय येतात. जीएलपी-१ जठर रिकामं होण्याची गती कमी करतं आणि साखर वाढलेली असेल तर इन्सुलिन वाढवतं. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. हा आकडा प्र. ११ मध्ये पुन्हा लागणार आहे.

लेप्टिन (शोध १९९४) आतड्यांचं नसून चरबीच्या पेशींचं आहे. शरीरात साठा किती आहे, ही खबर ते मेंदूला दीर्घ मुदतीने देत राहतं.

५. वैद्यांनी ‘शिकचॉक’ आणि ‘दामुम’ असे शब्द वापरले. हे आजार आहेत का?

आजाराची नावं नव्हेत ही, लक्षणसमूहांची नावं आहेत. डॉक्टर रोगाचं नाव शोधतो. वैद्य तेही विचारात घेतो, पण औषध ठरवतो ते लक्षणसमूहावरून. या पद्धतीला ‘ब्यॉनजुंग’ म्हणतात. भुकेच्या बाबतीत पुढची नावं जास्त ऐकू येतात.

प्लीहा-जठराची शक्ती कमी असणं : भूक मंद, थोडं खाल्लं तरी पोट जड, जेवल्यावर गळून गेल्यासारखं, शौच सैल, चेहरा फिका.

शिकचॉक, म्हणजे अन्न साचणं : करपट ढेकर, तोंडाला वास, अन्नाचा तिटकारा, जिभेवर जाड थर. कोरियन माणूस रोजच्या बोलण्यात ‘छे झालंय’ म्हणतो, ते याच्याच जवळचं. अशा वेळी घरातली वडीलधारी माणसं अंगठ्याच्या नखाजवळ सुई टोचून थेंबभर रक्त काढतात. हा घरगुती उपाय अजूनही चालतो, पण निर्जंतुक नसलेल्या सुईने तो करू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

दामुम, म्हणजे साचलेला कफ-द्रव : मळमळ, चक्कर, पोटात खळखळ, अंग जड. भूक असते, पण खायला नको वाटतं.

जठरातली उष्णता : सारखी भूक, गार पाण्याची तहान, हिरड्या सुजणं, तोंडाला वास. हे वाचून तुम्हाला स्वतःचंच वर्णन वाटलं तर आधी प्र. १५ वाचा.

यकृताची कोंडी : राग, चिंता, दबलेलं दुःख यांनी भूक कधी उसळते, कधी मरते. कोरियात ‘ह्वाब्यॉंग’ नावाचा, वर्षानुवर्षं गिळलेल्या रागाचा विकार ओळखला जातो. त्यात छातीत आग आणि पोटाच्या वरच्या भागात गोळा असल्याची तक्रार असते.

एकाच माणसात दोन-तीन समूह मिसळलेले असणं नेहमीचंच. लठ्ठपणासाठी कोरियात वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतही प्लीहेचा दुबळेपणा, दामुम, शिकचॉक, यकृताची कोंडी, उष्णतेची कमतरता आणि साकळलेलं रक्त अशा सहा समूहांना वेगवेगळे गुण देतात. एकच नाव चिकटवून मोकळं होत नाहीत.

६. मग ‘प्लीहा दुबळी म्हणजे घ्रेलिन कमी’, ‘जठरात उष्णता म्हणजे घ्रेलिन जास्त’ असं समजायचं का? एका व्हिडिओत तसा तक्ता होता.

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

असे तक्ते दिसायला छान असतात, पण ते उभे राहत नाहीत. जाड माणसात उपाशीपोटी घ्रेलिन बहुधा कमी असतं, तरी त्याला भूक लागते. अन्न टाळून अतिशय कृश झालेल्या रुग्णात, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसामध्ये, ते वाढलेलं असतं, तरी ती व्यक्ती खात नाही. जाणवणारी भूक आणि रक्तातलं घ्रेलिन ही जोडी इतकी सैल असेल, तर एका लक्षणसमूहाला एक हार्मोन जोडणं धाडसाचं आहे. त्यातून लक्षणसमूहात भूक हा एकच धागा असतो. शौच, तहान, जीभ, थकवा, मनाची अवस्था हे सगळं जमेस धरून नाव ठरतं. अपचनाच्या रुग्णांमधल्या घ्रेलिनबद्दलच्या अभ्यासांचे निष्कर्षही एका दिशेला जात नाहीत.

जुळतं ते वेगळ्या पातळीवर. जेवणाआधीची ओढ, दोन घासांत येणारी तृप्ती, जेवल्यानंतरचा जडपणा, ताणामुळे उडालेली वासना या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांमागची शरीरातली यंत्रणाही वेगळी आहे, हे हार्मोनशास्त्राने अलीकडे दाखवलं. कोरियन वैद्यांची प्रश्नावली या चार गोष्टी आधीपासूनच वेगवेगळ्या विचारते. मला या परंपरेचं मोल इथे दिसतं : रुग्णाचं बारकाईने ऐकण्यात. रक्ताच्या अहवालाशी तिची ओढूनताणून जुळवणी केली, तर हे मोल वाढत नाही आणि अहवालाचंही नुकसान होतं.

७. मला ‘तेउमिन’ प्रकृती सांगितली. म्हणून माझं वजन वाढतं का? या प्रकृतीची हार्मोन्स वेगळी असतात का?

ई जेमांच्या मते माणसं चार प्रकारची. तेउमिनचं यकृत बलवान आणि फुप्फुसं दुबळी. सोउमिनचे मूत्रपिंड बलवान आणि प्लीहा दुबळी. सोयांगिनची प्लीहा बलवान आणि मूत्रपिंड दुबळे. तेयांगिनची फुप्फुसं बलवान आणि यकृत दुबळं. दहा हजार वस्तीच्या गावात तेउमिन पाच हजार, सोयांगिन तीन हजार, सोउमिन दोन हजार आणि तेयांगिन जेमतेम तीन-चार ते दहा, असा त्यांचा अंदाज होता.

प्रत्येक प्रकृतीच्या माणसाची तब्येत ठीक असल्याची खूणही त्यांनी सांगितली आहे. सोउमिनचं पचन नीट चाललं, तेउमिनला घाम मोकळा आला, सोयांगिनला शौच साफ झालं आणि तेयांगिनला लघवी भरपूर झाली की समजायचं, ठीक आहे. म्हणून सोउमिन माणसाची भूक मंदावणं वैद्य गांभीर्याने घेतात. तेउमिनमध्ये त्याच लक्षणाला तेवढं वजन देत नाहीत.

आधुनिक पाहण्यांत तेउमिन गटात वजन, लठ्ठपणा आणि चयापचयाचे विकार जास्त आढळतात, हे कोरियात अनेकदा दिसलं आहे. भूक आणि खाण्याच्या प्रमाणाच्या प्रश्नावलीतही तेउमिनचे गुण वर आणि सोउमिनचे खाली जातात. पण एक पेच लक्षात घ्या. भरदार बांधा ही तेउमिन ओळखण्याचीच एक खूण आहे. ज्या खुणेवरून गट पाडला, तीच खूण त्या गटात जास्त सापडणार. प्रकृती आधी आणि वजन नंतर, हे त्यामुळे सहज सिद्ध होत नाही. हार्मोनच्या पातळीवरून प्रकृती ओळखता येईल, असं काही हाती नाही.

८. दोन दवाखान्यांत दोन वेगळ्या प्रकृती सांगितल्या. कुणावर विश्वास ठेवू?

असं वारंवार होतं, आणि त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. बांधा, चेहरा, आवाज, स्वभाव आणि लक्षणं यांतल्या कशाला किती वजन द्यायचं, यात वैद्यावैद्यांत फरक पडतो. तो कमी व्हावा म्हणून देजॉन शहरातल्या सरकारी कोरियन वैद्यक संशोधन संस्थेने (स्थापना १९९४) चेहरा, शरीराची मापं, आवाज आणि प्रश्नावली एकत्र करून प्रकृती ठरवणारं साधन तयार केलं. तेही प्रत्येक वेळी अनुभवी वैद्याशी जुळत नाही.

प्रकृतीवरून एखादा अन्नगट कायमचा बंद करायला सांगितला, तर सावध राहा. वाढत्या वयातली मुलं, गरोदर बाई आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर नक्कीच.

९. हे आपल्या वात-पित्त-कफासारखंच नाही का? सोउमिन म्हणजे मंदाग्नीच ना?

साम्य वाटणं स्वाभाविक आहे. समाग्नी, विषमाग्नी, तीक्ष्णाग्नी आणि मंदाग्नी हे चार प्रकार आणि त्यांचे प्रश्न कोरियन प्रश्नावलीजवळ जातात. दोन्हीकडे पचन बिघडणं ही पुढच्या बिघाडाची सुरुवात मानतात. पण सासांगची चौकट तीन दोषांवर उभी नाही. अवयवांच्या बल-अबलाची जोडी आणि माणसाचा भावनिक कल यांवर ती उभी आहे. दोघांचा कोष्टकी मेळ घालून आयुर्वेदाचं औषध कोरियन निदानावर घेऊ नका. औषधं त्या त्या चौकटीत ठरलेली असतात. दोन्हीकडची एकदम घेतली, तर ज्येष्ठमधासारखं एखादं द्रव्य दुप्पट पोटात जातं आणि रक्तदाब वाढून पोटॅशियम घसरू शकतं.

१०. ‘युकगुनजातांग’ घेतल्याने घ्रेलिन वाढतं असं वाचलं. खरं आहे का?

यामागे खरोखरचं संशोधन आहे, आणि या क्षेत्रातलं ते सगळ्यात भरीव म्हणता येईल. जिनसेंग, आलं, ज्येष्ठमध, संत्र्याच्या जातीच्या फळाची साल अशा आठ द्रव्यांचा हा काढा पूर्व आशियात सगळीकडे माहीत आहे. जपानमध्ये त्याला रिक्कुन्शितो म्हणतात, आणि संशोधन मुख्यतः तिथलंच आहे. सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध दिलेल्या उंदरांची भूक मरते आणि घ्रेलिन उतरतं. या काढ्याने ते सावरतं, असं २००८ मध्ये दाखवलं गेलं. कारणही सापडलं. सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे काही ग्राही (पेशींवरचे निरोप टिपणारे रेणू) घ्रेलिनला दाबतात, आणि फळाच्या सालीतली फ्लेवोनॉइड्स नेमके तेच ग्राही अडवतात.

माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. अपचनाच्या रुग्णांवर जपानमध्ये झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं कमी झालं, पण एकंदर ‘बरं वाटलं’ म्हणणाऱ्यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. काढा उपयोगी असू शकतो, त्याचा एक मार्ग घ्रेलिनमधून जातो, पण तो घेतला की भूक लागेलच, असं म्हणता येत नाही.

११. कडू औषधांनी जीएलपी-१ वाढतं म्हणे. मग महागड्या इंजेक्शनऐवजी कडू काढा किंवा कारल्याचा रस चालेल का?

अर्धं खरं, अर्धं घातक. कडू चव ओळखणारे ग्राही आतड्यातल्या जीएलपी-१ तयार करणाऱ्या पेशींवरही असतात. सोलच्या क्युंगही विद्यापीठातल्या संशोधकांनी कोरियन वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या एका कडू मुळाच्या, म्हणजे जेन्शियनच्या, अर्काने मधुमेही उंदरांत जीएलपी-१ वाढून साखर उतरल्याचं दाखवलं आहे. ‘उष्णता’ काढायला कडू द्रव्य देण्याच्या जुन्या रीतीला हा एक सुंदर दुवा आहे.

पण आतड्यातून आलेलं जीएलपी-१ दोन मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइडसारखं, जीएलपी-१ चंच काम करणारं इंजेक्शन निम्मं व्हायला आठवडा लागतो. परिणामाची बरोबरी होऊ शकत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना त्यांत कारल्याचा रस किंवा कडू काढा मिसळला तर साखर अचानक उतरू शकते. इंजेक्शन परवडत नाही, हा प्रश्न खरा आहे. तो डॉक्टरांना स्पष्ट सांगा, पर्याय असतात.

१२. भूक कमी करणारा कोरियन काढा मैत्रीण तिकडून पाठवते आहे. घेऊ का?

घेऊ नका. दुसऱ्यासाठी बनवलेला काढा तर मुळीच नको.

वजनासाठी कोरियात बरंच चालणारं औषध ‘तेउमजोवीतांग’ कुळातलं असतं. त्यात ज्वारीच्या कुळातलं एक धान्य, सुकं चेस्टनट, मुळ्याचं बी यांच्यासोबत ‘माह्वांग’ असतं. हे एफेड्राचं झुडूप आहे आणि त्यात एफेड्रिन असतं. भूक मरते ती मुख्यतः त्यामुळे. म्हणजे हा परिणाम आतड्याच्या हार्मोन्सपेक्षा मज्जासंस्था चेतवल्याचा आहे. धडधड, झोप उडणं, रक्तदाब वाढणं हे त्याच चेतवण्याचे परिणाम. अमेरिकेने २००४ मध्ये आहारपूरकांतून एफेड्रिन असलेल्या घटकांवर बंदी आणली. कोरियात वैद्य ते मात्रा मोजून, रुग्ण पाहून देतात.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड वाढलेलं असणं, काचबिंदू, गर्भारपण, नैराश्यावरची काही औषधं यांपैकी काहीही असेल तर हे द्रव्य धोक्याचं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवायच्या औषधात एका वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया आली आणि अनेक स्त्रियांचे मूत्रपिंड निकामी झाले. पुडीत काय आहे हे न कळता घेण्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

१३. वैद्य रक्तातली हार्मोन्स तपासतात का? मी पुण्यातून घ्रेलिन करून नेऊ?

नेहमीच्या निदानात नाही, आणि तुम्हीही पैसे घालवू नका. सक्रिय घ्रेलिन नळीतच झटपट विघटित होतं. नमुना लगेच थंड करावा लागतो, त्यात संरक्षक द्रव्य घालावं लागतं. शिवाय पातळी तासातासाला बदलते आणि सर्वमान्य ‘नॉर्मल’ मर्यादा नाही. ही संशोधनातली चाचणी आहे. त्याऐवजी हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी, थायरॉइड, बी-१२ यांचे अहवाल न्या. भूक बिघडण्याची उपचारयोग्य कारणं त्यांत सापडतात. नाडीवरून हार्मोन कळतं असं कुणी म्हणालं, तर ते मान्य करू नका.

१४. मी वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेते. वैद्यांना सांगायलाच हवं का? निदान चुकेल का?

सांगायलाच हवं, आणि हो, चुकू शकतं. या औषधांनी भूक मरते, जठर सावकाश रिकामं होतं, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं. हे न सांगता बसलात, तर समोर प्लीहेचा दुबळेपणा, शिकचॉक आणि दामुम यांचं जवळपास पुस्तकी चित्र उभं राहतं. त्यावर ‘भूक वाढवणारा’ काढा मिळाला, म्हणजे एकीकडे ब्रेक आणि दुसरीकडे अ‍ॅक्सिलरेटर. वेगोव्ही (सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन) कोरियात ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि भारतात जून २०२५ मध्ये आलं, म्हणून हा प्रश्न आता रोजचा झाला आहे.

हेच इतर औषधांनाही लागू. स्टेरॉइड, ओलान्झापिन, मिर्टाझापिन भूक वाढवतात, मेटफॉर्मिन काहींची कमी करतं. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीवर असताना अचानक कडाडून भूक, घाम आणि थरथर झाली तर साखर उतरलेली असू शकते. तेव्हा ‘उष्णते’चा विचार करत न बसता आधी साखर खा आणि मोजा.

१५. सारखी भूक, सारखी तहान, तरी वजन उतरतंय. जठरातली उष्णता असेल का?

आधी साखर तपासा, त्याच आठवड्यात. जुन्या कोरियन ग्रंथांत याच चित्राला ‘सोगाल’ म्हणतात आणि आजचे वैद्यही तो मधुमेहाच्या जवळ ठेवतात. थायरॉइड वाढल्यावरही भूक वाढून वजन उतरतं.

१६. रात्री जेवूनही अकरा वाजता भूक लागते. हा कोणता लक्षणसमूह?

आधी झोप पाहा. १२ निरोगी तरुण पुरुषांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्के उतरलं, घ्रेलिन २८ टक्के चढलं आणि गोड-खारं खायची ओढ वाढली, असं २००४ च्या एका छोट्या पण गाजलेल्या प्रयोगात दिसलं. रात्रीच्या पाळीत काम करणाऱ्यांनी हे वैद्यांना आवर्जून सांगावं. झोपेची वेळ माहीत नसेल, तर यकृताची कोंडी आणि जठरातली उष्णता यांच्यात निवड करणं त्यांनाही अवघड जातं.

१७. भूक लागते, पण दोन घासांत पोट भरतं. एंडोस्कोपी नॉर्मल आहे. इथे कोरियन वैद्यक कामाचं आहे का?

ते कामी येण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, अशा ठिकाणांपैकी हे एक. याला कार्यात्मक अपचन म्हणतात. जठराचा वरचा भाग अन्न आल्यावर पुरेसा सैलावत नाही, किंवा आतली संवेदना अति तीव्र असते. घ्रेलिनचा खेळ इथे दुय्यम असू शकतो, कारण ओढ शाबूत आहे. वैद्य बहुधा शिकचॉक की दुबळेपणा हे ठरवतात. पहिल्यासाठी ‘प्यॉंगवीसान’, छातीखाली ताठपणा आणि मळमळ असेल तर ‘बान्हासासिमतांग’ अशी निवड होते. सुया, शेक आणि काही चूर्णं कोरियाच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात १९८७ पासून आहेत. काढ्यांच्या विम्याच्या प्रायोगिक योजनेत एप्रिल २०२४ पासून कार्यात्मक अपचनही घेतलं आहे.

१८. माझा मुलगा काहीच खात नाही. कोरियात मुलांना भुकेचं टॉनिक देतात, ते मागवू का?

तिकडे ही पद्धत खरंच रुजलेली आहे. हरणाच्या कोवळ्या शिंगाचं औषध असलेले काढेही मुलांना देतात. पण तुम्ही मागवू नका. बालरोगतज्ज्ञांकडे वाढीचा तक्ता भरून घ्या. वजन-उंची आपल्या रेषेत चालली असेल, तर मूल बहुधा पुरेसं खातंय. रेषा मोडली असेल तर लोहाची कमतरता, जंत, बद्धकोष्ठ आणि जेवणाआधी दिलं जाणारं पेलाभर दूध ही कारणं आधी पाहावी लागतात.

१९. ‘तेयांगिन’ प्रकृतीत घास अडकणं, अन्न वर येणं हे स्वाभाविक असतं, असं सांगितलं. मग तपासणी कशाला?

ई जेमांनी या प्रकृतीच्या मोठ्या आजारांत हीच लक्षणं लिहिली आहेत, हे खरं. पण त्यांनी ती आजार म्हणून लिहिली आहेत, स्वभाव म्हणून नव्हे. घास अडकत असेल, कारणाशिवाय वजन उतरत असेल, शौच काळं होत असेल, रक्ताची उलटी झाली असेल, रक्तक्षय असेल किंवा चाळिशीनंतर नव्यानेच भूक गेली असेल, तर प्रकृती कोणतीही असो, एंडोस्कोपी आधी. कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी जठराच्या कर्करोगाची सरकारी तपासणी होते. ती करून घेऊन या, असं चांगले वैद्य स्वतःच सांगतात.

२०. माझ्या सासऱ्यांचं जठर शस्त्रक्रियेने काढलंय. त्यांच्या भुकेवरून निदान करता येतं का?

नेहमीच्या पद्धतीने नाही. घ्रेलिनचा मुख्य कारखानाच गेलेला असतो, त्यामुळे ओढ अनेक महिने लागत नाही. उलट अन्न झपाट्याने आतड्यात उतरतं आणि जेवणानंतर जीएलपी-१ नेहमीपेक्षा खूप उसळतं. अशा जवळपास प्रत्येकाला ‘प्लीहा-जठर दुबळं’ हेच नाव मिळेल, मग त्या नावाने माणसामाणसांतला फरक कळत नाही. वैद्याने भुकेऐवजी वजन, शौच, झोप, थकवा आणि हातपायांची ऊब यांवर भर द्यायला हवा. तुम्ही शस्त्रक्रियेचा कागद दाखवा आणि त्यांना भूक लागायची वाट न पाहता घड्याळ लावून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाऊ घाला. जेवल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा किंवा दोनेक तासांनी थरथर होत असेल, तर त्या वेळा लिहून ठेवा आणि आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत ना, तेही त्याच भेटीत विचारा.